तिसरा गिअर उशिरा का पडतो

भोर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

आदरणीय दुल्हेभाई यांसी,

अय्युबचा सलाम. तुमची तब्येत ठणठणीत असेल, मस्कतचं ऊन आता जरा उतरलं असेल, आणि तुमच्या मेसचा आचारी अजूनही भाजीत खोबरेल तेल घालत असला तरी तुम्ही त्याच्याशी भांडणं सोडून दिलं असेल, अशी उमेद आहे. इकडे सगळी खुशाली. तुमच्या अम्मींचं ब्लडप्रेशर काबूत आहे, फक्त टीव्हीवर बातम्या लागल्या की चढतं, म्हणून आम्ही बातम्या बंद केल्या आहेत आणि देशात काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही. खुर्शिदा आपाचा डावा गुडघा थंडी पडली की आखडतो, पण वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्सची ड्यूटी ती चुकवत नाही. माझी तब्येत तुम्ही पत्रात विचारलेली नाही, तरी सांगतो. मी थकलो आहे. ताप नाही, खोकला नाही, नुसता थकलो आहे, आणि याचं कारण तुमची गाडी आहे.

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही दोनच गोष्टी लिहिल्या आहेत आणि दोन्हींनी मला उभा जाळला आहे. पहिली ही की कंपनीनं तुमचा करार आणखी दोन वर्षं वाढवला, तुम्ही 'हो' म्हणालात, तेव्हा आता गाडी ठेवून उपयोग काय, विकून टाक. दुसरी ही की कुणा भल्या माणसानं तुम्हाला कळवलं आहे की गाडी वेल्ह्याकडे फिरताना दिसते, आपा डावीकडे बसलेली असते, पण गाडी चालवणारा कोण ते काही ओळखू येत नाही. तर तो कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी योग्य जागी देणार आहे, कृपा करून पुढची पानं आधी चाळू नयेत. पहिली गोष्ट मी आपाला वाचून दाखवली तेव्हा ती कांदा चिरत होती. ती एवढंच म्हणाली, "गाडी विकली म्हणजे यांचा परत यायचा विचार न्हाई." मग चिरत राहिली. कांदा संपला तरी चिरत होती. त्या दिवशी सालनात मीठ नव्हतं आणि अम्मींसकट कुणी ते बोलून दाखवलं नाही.

म्हणजे माझी अवस्था बघा. पुण्याची जी पार्टी तुम्ही पाठवली, तिची एकच अट, गाडीचा गिअरचा झटका गेला पाहिजे. मी झटका काढला तर गाडी विकली जाते आणि बहीण माझ्याशी बोलायची बंद होते. नाही काढला तर भोरमध्ये कुणी माझ्या गॅरेजला हातगाडीसुद्धा लावणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर मी पाना घेऊन उभा.

गाडीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही ती फक्त पुसलेली आहे आणि मी तिच्याखाली झोपलेलो आहे, म्हणून थोडं लिहितो. एक तर तिचं स्टिअरिंग डावीकडे. काचा मस्कतच्या उन्हासाठी काळ्या केलेल्या. आणि क्लच नाही! माझा डावा पाय जन्मभर जीपचा आणि टेम्पोचा क्लच दाबत आलेला आहे, त्याला बसून राहायची सवय नाही. पहिल्या दिवशी त्यानं क्लच समजून ब्रेक दाबला आणि मागे बसलेल्या अम्मी पुढे माझ्या मानेवर आल्या. (अम्मींनी तेव्हापासून या गाडीत पाऊल ठेवलेलं नाही. 'शाकिरनं परदेशातून काय आणलं' असं कुणी विचारलं की त्या मान चोळतात.) तुम्ही जाताना म्हणालात, कधीमधी सुरू करत जा. आपा म्हणाली, एसटीच्या पायऱ्या मला चढवत नाहीत, गाडी मीच वेल्ह्याला ठेवते, पासलीचा गोरख चालवील. मी म्हटलं, बरं. गोरख साधा शेतकरी गडी, त्याला ट्रॅक्टर येतो, हेही सांभाळील. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पावसाळ्यात दुखणं सुरू झालं. दर रविवारी गाडी भोरला आली की तक्रार तीच. इंजिन नुसतं ओरडतं, पण पुढचा गिअर पडत नाही, आणि पडला की मागून म्हशीनं ढुशी दिल्यासारखा धक्का बसतो. चढावर गाडी उकळते ते वेगळंच. मी प्लग बदलले. फिल्टर बदलला. गिअरबॉक्सचं तेल तपासायला वेगळी कांडी असते हे मला आठवडाभरानं कळलं, मग तेलही बदललं (ते लाल असतं, सरबतासारखं, आणि सरबतासारखंच जमिनीवर सांडलं की मुंग्यांऐवजी माणसं जमतात). जमलेल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. एक जण म्हणाला उतारावर न्यूट्रल मारत चला, गिअरला आराम मिळतो. एक म्हणाला जपानी गाडीला आपली हवा मानवत नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नाही तो म्हणाला की याला क्लच बसवून टाका, मिटलं. मी त्या काळात कोणालाही उलटून बोललो नाही, त्यावरून माझी दशा ओळखा.

मग मी गाडीचं पुस्तक काढलं. ते अरबीत आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता मला अरबी वाचता येतं. लहानपणी मौलवीसाहेबांनी छडी घेऊन कुराण वाचायला शिकवलं, जेर-जबरच्या खुणांसकट पक्कं आहे. अर्थ मात्र एका शब्दाचा कळत नाही. तरी म्हटलं मोठ्यानं वाचून बघू, एखादा शब्द ओळखीचा निघेल. तुमच्या पडवीत बसून मी गिअरबॉक्सचा पाठ सुरात वाचायला घेतला (दुसरा सूर मला येत नाही, त्याला माझा इलाज नाही). बऱ्याच वेळानं मान वर केली तर आतल्या दारात अम्मी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि शेजारच्या बाळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन, मी वाचून संपवलं की त्यावर फुंकर घालून द्यावी म्हणून थांबल्या होत्या. त्यांच्या नातवाला नजर लागली होती. मी खरं सांगितलं. अम्मी म्हणाल्या, गिअरचं असलं तरी वाचत राहा, कानाला बरं वाटतं. बाळाबाई रिकाम्या हातानं गेल्या आणि अजून मला बघितलं की मोरीकडे तोंड फिरवतात.

पुस्तकात चित्रं होती म्हणून निभावलं. चित्रांवरून मला जे समजलं ते तुम्हाला समजावून सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिअर कधी बदलायचा हे या गिअरबॉक्सला स्वतः ठरवावं लागतं. त्यासाठी त्याला दोन बातम्या लागतात. गाडी किती पळते आहे ही एक, आणि मालकानं अॅक्सिलरेटर किती दाबला आहे ही दुसरी. दुसरी बातमी एका बारीक तारेतून जाते. पाय दाबला की ती तार ओढली जाते, गिअरबॉक्सच्या पोटातला एक लहानसा व्हॉल्व्ह सरकतो आणि तेलाचा दाब वाढतो. दाब जास्त म्हणजे मालक घाईत आहे, चढ आहे, गिअर अडवून धरा. दाब कमी म्हणजे मालक निवांत आहे, टाका पुढचा. त्याला थ्रॉटल व्हॉल्व्ह म्हणतात. आता ही तार कुठं अडकून ओढलेलीच राहिली, तर पाय उचलला तरी आतल्या बिचाऱ्याला वाटत राहतं की मालक दाबतोच आहे. त्याला डोळे नाहीत. तार सांगेल ते खरं. (तुम्हीही मस्कतला बसून घरची खबर एकाच माणसाकडून घेता. तो कोण, हे मी विचारत नाही. पण एकाच तारेवर भरवसा ठेवला की दाब उगाच चढतो. राग मानू नका, मी गिअरबॉक्सबद्दलच बोलतो आहे.)

दाब मोजायला गेज लागतं. ते नसरापूरच्या सावळारामकडे मिळालं, तो ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक दुरुस्त करतो. गेज नुसतं देईना, म्हणाला मी स्वतः येतो, मलापण बघायचंय. आला तो थेट मुलीच्या सुपारीला निघालेला, पांढराशुभ्र शर्ट घालून. मी गिअरबॉक्सच्या अंगचा बूच काढला, गेजचा पाइप बसवला, इंजिन सुरू केलं आणि पाइपचा जोड सुटला. गरम लाल तेलाची पिचकारी सावळारामच्या छातीवर. सुपारीत व्याह्यांनी विचारलं म्हणे, की येताना कुणाशी मारामारी झाली काय. लग्न मोडलं नाही ही अल्लाची मेहरबानी. पण दुसऱ्यांदा गेज नीट बसलं आणि मला पाहिजे ते दिसलं. चित्रात इंजिन नुसतं चालू असताना काटा तळाशी होता. आमचा अर्ध्यावर! हातानं तार ओढली की चढायचा, सोडली की परत अर्ध्यावर येऊन बसायचा, सासरवाडीला आलेल्या जावयासारखा, खाली उतरायचं नाव नाही. मी ठरवलं की व्हॉल्व्ह आत अडकला, गिअरबॉक्स उघडायचा. आणि खरं सांगतो दुल्हेभाई, मला भीती वाटली. जीपचा गिअरबॉक्स मी डोळे मिटून उघडतो. हा एकदा उघडला की आतले शेकडो बारीक तुकडे मला परत जुळवता येतील याची खात्री मला नव्हती, आणि तुमच्या घरातली तुमची एवढीच एक वस्तू आहे.

म्हणून म्हटलं, उघडण्याआधी एकदा जिथं दुखतं तिथंच बघू. गेज घेऊन वेल्ह्याला गेलो. पाइप काचेतून आत घेतला, म्हणजे चालत्या गाडीत काटा बघता येईल. गोरखला बोलावलं आणि म्हटलं, बस, पासलीच्या चढावर घे. गोरख आला आणि उजव्या बाजूला बसला. तिथं स्टिअरिंग नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्या कुठं चालवितो, मिस्तरी? म्या नुसता हितं बसतो. हाताची घडी घालून."

मग आपा आली. एप्रन काढून मागच्या सीटवर टाकला, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, दार लावलं, आणि गाडी सुरू केली.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. गाडी चालवणारा माणूस ओळखू येत नाही, कारण तो नाही. आपल्या लोकांच्या डोक्यात डावीकडची बाई म्हणजे शेजारी बसलेली बाई, आणि उजवीकडे जो कोणी असेल तो ड्रायव्हर. सहा महिने सगळ्या तालुक्यानं गोरखला ड्रायव्हर म्हणून रामराम घातला. नसरापूरला एकदा हवालदारानं उजवीकडे येऊन गोरखकडे लायसन्स मागितलं, गोरखच्या पुढ्यात स्टिअरिंगच नाही हे बघून तो इतका गडबडला की जा म्हणाला. आपाजवळ लायसन्स आहे. गुडघा दाखवायला पुण्याला जाते असं सांगायची, ते याच कामाला. आणि शिकवलं कुणी, असं विचारायच्या आधी आठवा. रजा काढून ती तुमच्याकडे मस्कतला आली होती तेव्हा दर शुक्रवारी रिकाम्या मैदानात तिला गाडी देऊन मागे पळत कोण होतं? या गाडीला डावा पाय लागत नाही. तिला दुसरी कुठलीही गाडी येणार नाही, हीच येते. चढावर तिनं गाडी अशी घेतली की मी काटा बघायचा विसरलो. माझे डोळे भरून आले. गोरखला मी सांगितलं की पाइपमधून तेल उडालं.

चढावर गाडी उकळली. थांबलो, आपानं बॉनेट उघडलं, आणि तिथं मला माझं शहाणपण दिसलं. तुम्हाला आमच्या धंद्याचा एक नियम माहीत नसेल. गाडीला बांधलेला दोरा, लिंबू, गंडा, बाहुली, काही म्हणजे काही सोडायचं नाही. कुणाचं काय असेल सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत नजरच अशी झाली आहे की दोरा दिसला की ती बाजूला होते. हे बॉनेट मी पावसाळाभर उघडत होतो आणि त्या तारेवर बांधलेले दोरे मी बघत नव्हतो. लाल, पिवळे, हिरवे, एकावर एक, तेल पिऊन फुगलेले. हा गुंता तारेच्या तोंडाशी अडकून तिला मागे सरकू देत नव्हता. व्हॉल्व्ह धडधाकट होता.

हे बांधले कुणी? गोरखची आई अंबूबाई वाटेतच गवताचा भारा घेऊन भेटली, तिनं खुलासा केला. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, तापानं फणफणलेलं पोर, आपा सगळ्यांना या गाडीतून खाली दवाखान्यात नेते. चढावर पाण्याला थांबली की बॉनेट उघडतं, आणि घरून आणलेला दोरा बायका तिथं बांधतात. पहिला अंबूबाईनंच बांधला, सून रत्ना अडली होती तेव्हा. मी विचारलं, एवढ्या मोठ्या इंजिनात हीच तार का? ती म्हणाली, "हीच तर हलतीया. पाय दाबला की हलती. तिच्यात जीव हाय."

मी हात जोडून सांगितलं की मावशी, हे काढून दुसरीकडे बांधतो, बॅटरीपाशी चांगली जागा आहे. "न हलणाऱ्या जागी बांधून काय उपेग? मेल्यालाच बांधल्यागत," ती म्हणाली, आणि आपा तिच्या बाजूनं. चढावर भर दुपारी दोन बायकांशी वाद घालायचं माझ्यात त्राण नव्हतं. शेवटी मी भोरला येऊन एक नवी तार केली. एक टोक अॅक्सिलरेटरच्या दांडीला, दुसरं एका स्प्रिंगला. गिअरबॉक्सशी तिचा काही संबंध नाही, पण पाय दाबला की झकास हलते. सगळे दोरे एकेक करून, बिस्मिल्ला म्हणून, तिच्यावर नेऊन बांधले. आता तुमच्या गाडीत एक तार गिअरबॉक्सची आहे आणि एक माणसांची. अंबूबाई येऊन तपासून गेली आणि मला "बेस" म्हणाली. गेज लावलं, काटा खाली आला. गिअर लोण्यासारखे पडतात.

तर गाडी विकायला तयार आहे. मी माझं काम केलं. पुढे तुमचा हुकूम, तुम्ही मोठे आहात. अम्मींची दुआ, घरच्यांचा सलाम. हात दुखतो आहे म्हणून थांबतो.

तुमचा,
अय्युब

ता. क. पुण्याची पार्टी काल येऊन गेली. सपाट रस्त्यावर गाडी चालवून खूश झाली. मग बॉनेट उघडून म्हणाली, हे दोरे काढून द्या. मी म्हटलं, आमच्यात काढत नाहीत, तुम्ही काढा, आणि कोणता कशासाठी बांधलाय ते एकेक सांगायला लागलो. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि घरी विचारून कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत. तुमचा निरोप मी त्यांना प्रामाणिकपणे पोचवला, एवढं लक्षात असू द्या.

ता. क. २. आपा गाडी चालवते हे ती तुम्हाला स्वतः सांगणार होती, मुंबईला विमानतळावर गाडी घेऊन येऊन. मी आधीच फोडलं हे तिला कळू देऊ नका. तेव्हा दचकायचा सराव ठेवा. आणि उजवीकडे बसून ब्रेक दाबू नका, तिथं काही नाही, मी दाबून बघितला आहे.

ता. क. ३. वर 'लोण्यासारखे' लिहिलं ते पहिल्या दोन गिअरांचं. तिसरा अजून थोडा उशिराच पडतो. दोरे हलवताना एका हिरव्या दोऱ्यावर आपानं हात ठेवला आणि म्हणाली, हा खऱ्या तारेवरच राहू दे. दर्ग्यावरून आणलेला आहे, तिचा स्वतःचा. तुम्ही कायमचे घरी यावं म्हणून बांधलाय. मी म्हटलं, आपा, यानं दाब थोडा चढाच राहील. ती म्हणाली, राहू दे. नियमाप्रमाणे तो मी सोडणार नाही. तुम्ही या आणि तुमच्या हातानं सोडा.